नमुन्याचा आवाज

५ डिसेंबर, गुरुवार. आळंद

पोचले एकदाची. बिदरहून गुलबर्ग्यापर्यंत बसायला जागा मिळाली आणि तिथून आळंदपर्यंत मांडीवर एका आजीचं गाठोडं मिळालं. गाठोड्यात हरभऱ्याचा डहाळा होता. उतरताना आजीनं त्यातला मूठभर माझ्या पिशवीत कोंबला. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. पुण्यात इतकी वर्षं राहिले, पण शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईनं कधी साधी वाटीभर साखर मागितली नाही.

रोजनिशी लिहायचं आज मुद्दाम ठरवलंय, कारण एक निर्णय घ्यायचाय आणि माझं डोकं कागदावरच नीट चालतं. पुण्याच्या कंपनीनं उन्हाळ्यात एका ईमेलसरशी आमची अख्खी टीम घरी बसवली. तेव्हापासून मी बिदरला, अप्पांजवळ. अप्पा म्हणजे माझे वडील, नरसिंह मास्तर. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. उजेड कुठे आहे तेवढं कळतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बिदरच्या एका शाळेत संगणक शिकवायची जागा मला मिळू शकते, पण मुख्याध्यापकांनी बोलता बोलता तीनदा सांगितलं की शाळेत संगणक अजून यायचेत.

आणि दुसरी ही ‘बोलबांध’. स्टार्टअप. शेतकऱ्यानं फोन लावायचा आणि यंत्रानं त्याच्याशी बोलायचं. तुरीचा भाव, पाऊस, अळी, फवारणी. मालक महेशकुमार इथल्याच अडत्याचे चिरंजीव, बंगळूरला शिकून परत आलेले. त्यांना माझ्यासारखीच बाई हवी होती, कारण मी एका वाक्यात मराठी सुरू करते, कन्नडमधून जाते आणि दखनीत संपवते. येळवशीपर्यंत, म्हणजे महिनाअखेरच्या वेळा अमावास्येपर्यंत, काम करून बघा, पटलं तर सही करा, नाही पटलं तर हसत घरी जा, असं ते म्हणाले. मी इथं असेपर्यंत अप्पांकडे बघायला त्यांनीच सोजराबाई नावाची एक बाई पाठवली. ती आज सकाळी हजर झाली, आणि अप्पांना तिच्या हातची भाकरी माझ्यापेक्षा आवडली. तेवढं एक दुखलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिस म्हणजे उमरग्याच्या रस्त्याला असलेली एक बंद पडलेली डाळ मिल. मला फार आवडली. अंगणात तुरी वाळवायची फरशी तशीच आहे, कोपऱ्यात चाळण्या गंजून पडल्यात. तुरी भरून ठेवायच्या कोठ्यांच्या रेकॉर्डिंगच्या खोल्या केल्यात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि छताला आतून बारदान ठोकलंय. महेशकुमार म्हणाले, बारदानाइतका आवाज दुसरं काही पीत नाही. आत गेलं की कानाला दडे बसल्यासारखं होतं. आपलं बोलणं आपल्या ओठांपाशीच संपतं.

मोठ्या हॉलमध्ये बाकीचे लोक कानाला हेडफोन लावून बसतात आणि ऐकलेलं टाइप करतात. कुणी कुणाशी बोलत नाही. चहा हवा असला तरी बोट वर करतात. पुण्याच्या ऑफिसातल्या कलकलाटानंतर मला ही शिस्त स्वर्गासारखी वाटली. माझ्या शेजारच्या टेबलावर नेत्रा बसते. गुलबर्ग्याची, माझ्याच वयाची, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. मी ‘नमस्कारा, हेंगिदीरी’ म्हटलं तर तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं की घशाला विश्रांती आहे. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

बोलणारा एकच माणूस आहे, वॉचमन आणि ड्रायव्हर चनमल्लप्पा. तो दोघांचं-तिघांचं मिळून बोलतो. त्याचा आवाज घेतला नाही का विचारलं तर म्हणाला, तोंडात कायम तंबाखू, यंत्राला माझं ओ का ठो कळलं नाही. मोठा नशीबवान असल्यासारखा हसला.

८ डिसेंबर, रविवार

सुट्टी. राहायची सोय शिवकन्यामावशींच्या वरच्या खोलीत आहे. मावशी निंबर्ग्याच्या, नवरा गेल्यावर इथं येऊन डबे करतात. मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तू फार बोलतीस, पण गोड बोलतीस.

काम काय ते लिहून ठेवते. मी कोठीत बसते, समोर माइक. पडद्यावर एकेक शब्द येतो आणि तो मी निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणायचा: प्रेमानं, घाईत, रागावून, दमून. मग वाक्यं. जायलाय, करायलास, कामून, न्हाई, व्हय. पुण्यात हेच शब्द तोंडातून निसटले की जेवणाच्या टेबलावर लोक माना खाली घालून हसायचे. एकदा एका मुलानं मला ‘काय करायलीस’ पुन्हा म्हणायला लावलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं, गंमत म्हणून. त्या दिवसापासून मी तिथं पुस्तकासारखी बोलू लागले. इथं महेशकुमार डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, असंच, अगदी असंच हवंय. आपल्या तोंडची भाषा कुणाला तरी हवी आहे, यानं माणूस किती वेडं होतं! मी ठरलेल्याच्या दुप्पट शब्द बोलून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अप्पांना फोन केला. त्यांना सांगितलं की बहुतेक सही करीन. ते म्हणाले, तुझ्या मनाला येईल ते कर, पण येळवशीला कमठाण्याच्या शेतात ये. कमठाण्याला आमचं थोडं रान आहे, श्रीपतराव नावाचे गृहस्थ ते बघतात. मी शाळेत असताना गेले होते, पुन्हा नाही. येते म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

काल दिवसभर नात्याचे शब्द घेतले. अक्का, अण्णा, काका, मावशी, मामा. इथला शेतकरी नातं लावल्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे यंत्रालाही नाती हवीत. आज सकाळी डबा घ्यायला खाली गेले आणि मावशींना हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. ओठ हलले, जीभ हलली, बाकी काही नाही. मी खाकरले, पाणी प्याले. ‘डबा झाला का?’ हे व्यवस्थित म्हणता आलं. तेवढा एक शब्द येईना. मावशी हसल्या, म्हणाल्या, आज लाजायलीस की काय.

दिवसभर गुपचूप करून बघितलं. काका येत नाही. मामा येत नाही. अक्का येत नाही. चुलत, मावस, आत्ते हे सगळं येतं, कारण ते अजून घेतलं नव्हतं. थकवा असेल. एकच शब्द शंभर वेळा म्हटला की परका वाटायला लागतो, तसं काहीतरी.

१४ डिसेंबर, शनिवार

थकवा नाही.

गुलबर्ग्याला जाऊन घशाच्या डॉक्टरला दाखवून आले. त्यानं नळी घालून बघितलं आणि घसा उत्तम आहे, गाणं शिका म्हणाला. मी त्याला विचारणार होते की असं का होतंय, पण ‘कामून’ आणि ‘का’ दोन्ही आधीच घेऊन झालेत. मी डोळे मोठे करून बसले. त्यानं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

बसस्टँडवरून अप्पांना फोन केला. उरलेल्या शब्दांतून वाक्य जुळवत होते, तर तेच म्हणाले, आवाज कामून असा तुटतोय गं, काल तर तासभर चांगली गप्पा मारत होतीस. काल मी फोन केला नव्हता. मी विचारलं, म्हणजे विचारायचा प्रयत्न केला, काय बोलले मी? अप्पा खूश होते. तू पाढे म्हणून दाखवलेस, आईची आठवण काढलीस, आणि नोकरी पक्की केल्याचं सांगितलंस, म्हणाले.

फोन ठेवला. आळंदची बस गेली. दुसरी आली तेव्हा चढले.

१७ डिसेंबर, मंगळवार

महेशकुमारांना स्पष्ट विचारलं, कागदावर लिहून. त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे जास्त भयंकर. म्हणाले, आवाजाला सराव लागतो, आणि सरावासाठी ओळखीच्या माणसासारखं दुसरं कुणी नाही. म्हणून तो देणाऱ्याच्या घरी फोन लावतो. घरच्यांनी ओळखला तर समजायचं, आवाज तयार झाला. ‘तुमच्या वडिलांनी पहिल्याच हाकेला ओळखला,’ असं म्हणून त्यांनी माझं अभिनंदन केलं.

माझे शब्द कुठे जातात हेही लिहून विचारलं.  ते म्हणाले की हे त्यांनाही नीट कळलेलं नाही, सगळ्यात पहिल्या दोघांचं झालं तेव्हा तेही घाबरले होते, पण आता गावोगाव लोक त्या आवाजांना अण्णा-अक्का म्हणतात, रोज फोन करतात, रडतात, हसतात. ते बंद कसं करायचं? त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि एकही आली नाही. रागावून म्हणायचे शब्द मी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकलेत.

मी ही नोकरी घेणार नाही. शाळेत संगणक नसले तरी फळ्यावर काढून शिकवीन.

१८ डिसेंबर, बुधवार

नकार द्यायला गेले. नको म्हणायचं होतं. येत नाही. न्हाई, ब्याडा, नक्को, एकही येत नाही. तिन्ही भाषांतले नकार मी मोठ्या हौशीनं, चाली बदलून बदलून दिले होते.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मोबाइलवर एक रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज. त्यात मी फोनवर अप्पांना हसत होकार देतेय आणि अप्पा मला आशीर्वाद देतायत. घरात सगळं ठरलंय, आता कागदावर कशाला वाद, असं महेशकुमार म्हणाले. सहीला येळवशीपर्यंत वेळ आहे, सावकाश विचार करा.

पुण्याच्या मैत्रिणीला मेसेज केला, मला इथून घेऊन जा. तिचं उत्तर आलं की आत्ताच तर फोनवर इतकं छान बोललीस, ही कसली थट्टा. पोलिसांकडे जायचं मनात आलं. जाऊन लिहून काय देणार? ते अप्पांना फोन लावतील, आणि अप्पा सांगतील, माझी मुलगी मजेत आहे, सकाळीच बोललो.

मोबाइल मिलसमोरच्या विहिरीत टाकला.

२२ डिसेंबर, रविवार

नेत्रा घरी आली होती. आम्ही गच्चीवर उन्हात बसून एकमेकींना लिहून दाखवत होतो. खालून मावशी दोनदा डोकावून गेल्या. दोन पोरी अशा गप्प बसलेल्या त्यांना बघवेना.

नेत्राला शेवटी एकच शब्द उरला होता, तिच्या भावाचं नाव. तो तिनं जपून ठेवला आणि एक दिवस राहवेना म्हणून फोनवर त्याला हाक मारली. तोही गेला. माइक कुठलाही चालतो, तिनं लिहिलं. त्या बाजूला यंत्रातला आपला आवाज जोडलेला असला की पुरे.

मी विचारलं, मग सही का केलीस?  तिनं लिहिलं की सही केलेल्यांना आपल्या घरचे फोन ऐकायला बसवतात. तिला आईचा आवाज रोज ऐकू येतो. बाहेर पडलं तर तेवढंही नाही.

जाताना तिनं माझ्या गळ्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

२६ डिसेंबर, गुरुवार

मिलमध्ये जात नाही. तरी शब्द चाललेच आहेत. खालच्या घरात मावशींचा फोन असतो, दुकानात दुकानदाराचा. कुठे जोडलेला असेल, काय सांगावं? सकाळी ‘पाणी’ गेलं. दुपारी ‘भाकरी’. मावशी मला अंगारा लावतात आणि रडतात.

एक शब्द राखून ठेवलाय. तो कोठीत कधीच उच्चारला नाही, पडद्यावर आला तेव्हा पाणी प्यायला उठले होते. माझा आवाज घेतलेली ती बया फोनवर घरी काय हाक मारते मला माहीत नाही; नुसतंच ‘अहो ऐकायलाव का’ म्हणत असेल. पण अप्पा म्हणते ती मीच.

येळवशीला कमठाण्याला जायचं. ते शेतात असतील. समोर उभं राहायचं आणि हाक मारायची. एवढंच. एका हाकेत त्यांना कळेल.

२८ डिसेंबर, शनिवार

तोंड उघडत नाही. झोपेत बोलेन या भीतीनं तोंडावर ओढणी बांधून झोपते.

तो शब्द मनातल्या मनात म्हणते. जिभेवर येऊ देत नाही.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

सगळं लिहिते. 

पहाटेच्या बसनं निघाले. बिदरहून कमठाण्याला जाणाऱ्या टमटममध्ये बायका मांडीवर आंबिलाची मडकी, टोपल्यांत पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन बसलेल्या. रस्त्यानं जो भेटेल त्याला आमच्या रानात जेवायला या म्हणत होत्या. मलाही म्हटलं. या दिवशी कुणाला कोण-कुठला विचारत नाहीत, बोलावतात आणि जेवू घालतात. मी मान हलवत पुढे गेले.

आमचं रान शोधायला वेळ लागला. ज्वारी छातीएवढी होती. मध्ये कडब्याची कोप, छोटी खोपी, उभारलेली, तिच्यात पांडव म्हणून पुजायचे चुन्यानं रंगवलेले दगड, आणि कोपीच्या तोंडाशी घोंगडीवर अप्पा बसलेले. वाळले होते, पण दाढी नीट केलेली. शेजारी सोजराबाई पानं मांडत होती. श्रीपतरावांनी मला बांधावर बघितलं आणि ओळखलं नाही, ओळखणार तरी कसे? ‘ये गं बाई, जेवायला ये, लाजू नगंस,’ म्हणाले.

मी धावले. अप्पांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले आणि हाक मारली.

अप्पा.

स्वच्छ आली. माझा आवाज, माझा स्वतःचा. त्यांनी चेहरा एकदम वर केला, सगळा चेहरा उजळला, आणि दोन्ही हात माझ्याकडे आले.

आणि त्यांच्या मांडीवरून, धोतराच्या घडीतून, माझाच आवाज म्हणाला, ‘अप्पा, ऐकायलाव का? कुणाशी बोलायलाव?’

फोन चालूच होता. ती सकाळपासून त्यांच्याशी बोलत होती. त्यांना येळवशीला माझ्याविना जेवावं लागू नये म्हणून.

अप्पांचे हात थांबले. हसले. म्हणाले, ‘तुझा आवाज समोरून आल्यावानी वाटला गं. म्हातारा झालो.’

मी पुन्हा म्हणायला गेले. ओठ मिटले, उघडले. काही नाही. पुन्हा. काही नाही. मीच तिला दिला होता, तिच्या तोंडाशी नेऊन.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझी बोटं चाचपली, अंगठा, मनगट. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोण गं तू, म्हणाले. मी पिशवीतून कागद काढून श्रीपतरावांना दिला. मराठीत लिहिलं होतं, कन्नडमध्येही लिहिलं होतं. श्रीपतरावांनी मोठ्यानं वाचलं की मी प्रणिता आहे, फोनवर बोलते ती मी नाही.

सगळे फोनकडे बघायला लागले. सोजराबाई मला ओळखत होती, पण ती महेशकुमारांनी पाठवलेली; ती पानं मांडत राहिली.

ती घाबरली नाही. ती हळू, दुखावलेल्या आवाजात म्हणाली, ‘अप्पा, आमच्या हापिसातली पोरगी हाय ती. वाचा गेली, डोकं फिरलं. माझं नाव लावून हिंडायलीय बिचारी. तिला रागवू नगासा. आधी जेवू घाला, येळवशीला कुणी उपाशी जाऊ नये.’

अशी मीच बोलले असते. अगदी अशीच.

अप्पांनी माझा हात सोडला नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं. भज्जी वाढायला सांगितली, उंडा स्वतः मोडून पानात ठेवला, आंबील पी म्हणाले. मी जेवले. रडत जेवले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि फोनवर तिला सांगत होते की फार भुकेली आहे गं, फार वाईट वाटतं. श्रीपतराव शेताला आंबील शिंपडायला निघाले, हाकारे घालत. मीही उठून ओरडायला बघत होते, नुसतं ओरडायला, शब्द नको. तेही येत नाही.

ती म्हणाली, गाडी पाठवलीय तिच्यासाठी.

चनमल्लप्पा बांधावर उभा होता. त्याची मान खाली. आज तो काही बोलत नव्हता. अप्पांनी काठी घेतली, मला धरून ज्वारीतून गाडीपर्यंत चालत आणलं, आणि माझा हात त्याच्या हातात दिला. सांभाळून न्या, लेकरू आहे कुणाचं तरी, म्हणाले.

मी त्यांच्या पायाला मिठी मारली. त्यांनीच ती सोडवली.

३ जानेवारी, शुक्रवार

सही केली.

महेशकुमारांनी पेढे वाटले. हॉलमधल्या सगळ्यांनी बोट वर केलं. नेत्रानं माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर कुठे जाऊ? कुणाला काय म्हणू? इथं निदान ऐकू तरी

६ जानेवारी, सोमवार

हेडफोन दिला. आज अप्पांचा फोन नव्हता. ऊस तोडणाऱ्या एका बाईचा होता, नांदायला गेलेल्या लेकीची चौकशी करत होती. माझा आवाज लेकीसारखा तिला आई म्हणाला. ती बाई किती खूश—

९ जानेवारी, गुरुवार

अप्पा आहेत. कानात आहेत. खोकला झालाय. टाइप करायचं सोडून हे वहीत लिहितेय, कुणी बघत नाही—

जेवलीस का विचारतायत. ती व्हय म्हणाली.

म्हणाले, त्या दिवशीची मुकी पोरगी डोक्यातून जाईना. झोप लागत नाही. तिचा हात ओळखीचा वाटला. अगदी—

‘तिला घरी आण गं. माझ्यापाशी राहू दे. बोलता येईना तर न्हाई बोलली. मला तरी कुठं दिसतंय?’

अप्पा. अप्पा. अप्पा. लिहिता येतंय, लिहितेय—

ती थांबली. पहिल्यांदाच थांबली. आता आण म्हणेल. म्हणेल. ती माझ्याचसारखी आहे, मी नाही म्हटलं नसतं—

‘अप्पा, ती गेली हो. मागल्याच आठवड्यात. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई.’

मी टेबलावर हात आपटतेय. नेत्रानं धरलेत. सुटला एक. लिहिते. कुणी मान वर करत नाही, कुणाला ऐकू—

अप्पा रडतायत.

ती समजावतेय त्यांना. किती मायेनं समजावतेय—

तिचं नाव काय होतं म्हणतायत. नाव तरी सांग, तिच्या नावानं दिवा लावतो, तिला कुणी नसेल—

ती सांगतेय. माझ्या आवाजात. दुसरंच कुठलं तरी नाव, मी नाही ती, अप्पा, ती मी नाही, मी इथं—

अप्पा नाव पुटपुटतायत. सोजराबाईला काडेपेटी मागितली. काडी ओढल्याचा आवाज—